आधीची मुलगी

फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर बसणारा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा असेल. आमच्या मेळाव्याचा बोर्ड करून घ्यायला मी गेले होते. २०१५ चा उन्हाळा होता. पंखा नुसतीच गरम हवा फिरवत होता आणि शाईचा वास डोक्यात चढत होता. माझा नंबर यायला वेळ होता, म्हणून त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत उभी राहिले. एका ब्युटी पार्लरची जाहिरात चालली होती. दोन चौकटी, दोन चेहरे. एकाखाली ‘आधी’, दुसऱ्याखाली ‘नंतर’.

“ही एकच मुलगी का रे?” मी विचारलं.

“मुलगी एकच आणि फोटोही एकच, मॅडम.”

त्याने मूळ फोटो उघडून दाखवला. अठरा-एकोणीस वर्षांची गव्हाळ रंगाची मुलगी. कपाळावरची टिकली जराशी डावीकडे सरकलेली, कानाजवळ एक बट सुटलेली. चेहऱ्यावर हसू नाही, पण दुःखही नाही. कुणीतरी ‘इकडे बघ’ म्हटल्यावर माणूस जसं बघतं, तसं ती बघत होती. त्याने फोटोच्या दोन प्रती केल्या. एकीचा उजेड वाढवला, तशी ती दुधाळ झाली. दुसरीचा कमी केला, तशी ती धुरकटली. मग त्या धुरकट चेहऱ्याच्या ओठांची टोकं माऊसने धरून त्याने किंचित खाली ओढली. डोळ्यांखाली ब्रश फिरवला.

“जरा उदास करावी लागते,” तो म्हणाला, “नाहीतर पार्टीला पटत नाही.”

तीन मिनिटांत काम झालं. दोन्ही चेहऱ्यांवर टिकली तशीच डावीकडे सरकलेली, बट तशीच सुटलेली. मूळ फोटो त्याने मिटून टाकला. त्या मुलीचा स्वतःचा रंग त्या दहा बाय आठच्या बोर्डावर कुठेच नव्हता.

तोवर जाहिरातींच्या विरोधातलं काम करून मला बारा वर्षं झाली होती. भाषणं केली होती, निवेदनं दिली होती, मोर्चात चालले होते. पण या सगळ्या जाहिराती कशावर उभ्या असतात, ते मला त्या दिवशी दिसलं. ‘नंतर’चा गोरेपणा काय, कुणीही दाखवील. खरी मेहनत ‘आधी’वर घेतलेली असते. एका साध्यासुध्या मुलीला आधी दुःखी करावं लागतं, त्याशिवाय पुढचं काहीच विकता येत नाही.

मी कृष्णाकाठच्या एका शहरात महिला संघटनेचं पूर्णवेळ काम करते. बचत गट, कौटुंबिक सल्ला केंद्र, कोर्टकचेऱ्यांत बायकांसोबत जाणं, हे आमचं रोजचं. जाहिरातींचा विषय आमच्याकडे आला तो सल्ला केंद्राच्या टेबलावरून. लग्नाला अकरा वर्षं झालेली एक बाई आली होती. नवरा मारत नव्हता, दारूही पीत नव्हता. पण जेवताना, पाहुण्यांसमोर, मुलांच्या अभ्यासाच्या वेळी, कधीही तिच्या रंगावर बोलायचा. ‘काळुंद्री’ हा त्याचा शब्द. किराणा दुकानात टांगलेल्या माळेतून ती क्रीमची एकेक पुडी तोडून आणायची आणि रव्याच्या डब्यात लपवून ठेवायची. “रव्यात का?” असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, “त्या डब्यात माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही, ताई.” तिला फक्त एवढंच विचारायचं होतं, की एवढी वर्षं लावूनही फरक का पडत नाही. कायद्याच्या कुठल्या कलमात ही तक्रार बसवायची, ते आम्हाला कळेना.

त्याच सुमारास, २००२-०३ मध्ये, अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने फेअर अँड लव्हलीच्या जाहिरातींविरुद्ध मोहीम उघडली होती. हे क्रीम १९७५ पासून बाजारात होतं. तेव्हाच्या एका जाहिरातीत निवृत्त बाप मुलगा नसल्याची खंत करतो, सावळी मुलगी ते ऐकते, क्रीम लावते, गोरी होते, हवाई सुंदरीची नोकरी मिळवते आणि बापाला हॉटेलात घेऊन जाते. मुलगी म्हणून कमी आणि सावळी म्हणून आणखी कमी, अशा दोन्ही गाठी एकाच धाग्यात. संघटनेने हे प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापर्यंत नेलं, तिथून ते माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे गेलं, आणि २००३ मध्ये ती जाहिरात पडद्यावरून गेली. आमच्या बैठकीत ही बातमी वाचून दाखवली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. रव्याच्या डब्यातल्या पुडीलाही तक्रार करायची जागा आहे, हे आम्हाला तेव्हा समजलं.

आमच्या आधीच्या पिढीने हे काम केलं नव्हतं असं नाही. आमच्या संघटनेतल्या सगळ्यांत जुन्या ताई ऐंशीच्या दशकातल्या गोष्टी सांगायच्या. तेव्हा ठिकठिकाणच्या महिला संघटनांनी सिनेमाच्या आणि जाहिरातींच्या पोस्टरांना काळं फासलं होतं. ताई स्वतः डांबराची बादली घेऊन स्टँडवर गेल्या होत्या आणि साडीवर पडलेले डाग पुढे कितीतरी वर्षं दाखवायच्या. त्या सगळ्या धामधुमीतच स्त्रियांच्या असभ्य प्रदर्शनाला बंदी घालणारा १९८६ चा कायदा झाला. ताईंविषयी मला अपार आदर आहे. पण त्या कायद्याने आमचं अर्धंच काम केलं, असं मला वाटतं. तो अंगावरच्या कपड्यांकडे बघतो. अंगभर साडी नेसलेली, डोक्यावर पदर घेतलेली मुलगी आरशासमोर रंगासाठी रडते, तेव्हा त्यात असभ्य काय, असं तो कायदा विचारणार. जाहिरातीत बाईचे कपडे कमी आहेत की तिची किंमत कमी केली आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मोर्चात मात्र दोन्ही प्रश्नांचे लोक शेजारी शेजारी चालतात, आणि घोषणा पहिल्या प्रश्नाच्याच जास्त असतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला जिथे सापडेल असं कधी वाटलं नव्हतं तिथे सापडलं. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत जाहिरातींची संहिता आहे. त्यातल्या सातव्या नियमात स्पष्ट म्हटलंय, की वंश, जात, रंग, पंथ यांची हेटाळणी करणारी जाहिरात चालणार नाही, आणि स्त्रीला घरात-समाजात दुय्यम, पडखाऊ दाखवणारीही चालणार नाही. हा नियम मी वहीत लिहून घेतला आणि बैठकीत वाचला. एका बचत गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, “मग हे रोज दिसतंय ते काय?” त्या प्रश्नावर आमचा तक्रारींचा गट उभा राहिला.

सुरुवातीला आम्ही तक्रारी फार वाईट लिहायचो. ‘स्त्री जातीचा घोर अपमान’, ‘संस्कृतीवर घाला’, ‘तीव्र निषेध’. पान भरून राग असायचा, पण जाहिरात कुठल्या वाहिनीवर, किती तारखेला, किती वाजता लागली हे नसायचं. अशा अर्जाचं समोरचा माणूस तरी काय करणार? पुढे जाहिरात व्यवसायाने १९८५ मध्ये स्वतःसाठीच स्थापन केलेल्या मुंबईच्या परिषदेची, म्हणजे आस्कीची, तक्रारीची पद्धत आम्ही नीट समजून घेतली. तिथे तक्रार आली की जाहिरातदाराला उत्तर मागतात, मग तक्रार समिती निर्णय देते. परिषद दंड करू शकत नाही. पण तिची संहिता मोडणारी जाहिरात केबलवर दाखवायची नाही, असं २००६ मध्ये केबलच्या नियमांतच घातलं गेलं, त्यामुळे तिच्या निर्णयाला वजन आलं.

मग आम्ही जाहिरात बघायला शिकलो. हे शिकायला लागतं. संध्याकाळच्या मालिकांच्या वेळी दोघी-दोघी टीव्हीसमोर बसायच्या. एकीकडे वही, दुसरीकडे घड्याळ. पहिल्या सेकंदाला काय दिसलं? मुलगी खिडकीत. उजेड कुठून येतोय? मागून, म्हणजे चेहरा अंधारात. मान कुठे? खाली. बोलतं कोण? काकू. मुलगी बोलते का? नाही. क्रीम आलं. आता उजेड कुठून? समोरून. आता मुलगी बोलते का? बोलते. ‘अपमान’ हा शब्दच न वापरता अशी दोन पानं लिहून पाठवली, तर ती पानं बोलायची. ज्या बायका बँकेचा फॉर्म भरायला घाबरायच्या, त्यांनी ही निरीक्षणं लिहिली आहेत. त्यांतली एक भाजी विकते. जाहिरातीतल्या सुनेने बारा सेकंदांत चार वेळा डोळे पुसले, हे तिनेच मोजलं होतं.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये आस्कीने त्वचा उजळवणाऱ्या उत्पादनांच्या जाहिरातींसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. सावळ्या माणसाला अनाकर्षक, दुःखी, निराश दाखवायचं नाही. लग्न, नोकरी, बढती यांत रंगामुळे तो मागे पडला असं सुचवायचं नाही. रंगाचा संबंध जातीशी, धर्माशी, व्यवसायाशी जोडायचा नाही. आणि उत्पादन वापरण्यापूर्वीचा चेहरा दाखवताना त्याच्यावरच्या भावाचीही काळजी घ्यायची. हा शेवटचा मुद्दा तेव्हा मी नुसता वाचून सोडून दिला होता. वर्षभराने फ्लेक्सच्या दुकानात ओठांची टोकं खाली जाताना पाहिली आणि तो कुणासाठी लिहिला होता ते कळलं. तो त्या ‘आधी’च्या मुलीसाठी होता. या तत्त्वांच्या आधारे आम्ही एका प्रादेशिक वाहिनीवरच्या जाहिरातीची तक्रार केली आणि ती ग्राह्य धरली गेली. पत्र आलं त्या दिवशी भाजीवाल्या मावशींनी गाडीवरची मेथी सगळ्यांना वाटली.

शहरातला तो फ्लेक्स मात्र कुठल्याच वहीत बसेना. पालिकेत गेले तर आकाशचिन्ह विभागातल्या साहेबांनी फाईल काढली आणि सांगितलं, “आम्ही मजकूर बघत नाही, मॅडम. परवाना आणि मोजमाप बघतो.” बोर्डाला परवाना नव्हता, म्हणून तो दोन दिवसांत उतरवला गेला. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे, त्याखाली. भिंत विद्रूप होऊ नये म्हणून कायदा आहे, पण त्या बोर्डावर एका चेहऱ्याचं जे केलं होतं त्याला कुठलं कलम लागत नव्हतं. तीन आठवड्यांनी रीतसर परवाना घेऊन तोच बोर्ड पुन्हा चढला.

आमच्यातल्या काहींनी जुना मार्ग सुचवला. बादली, ब्रश, काळं ऑइल पेंट. रात्री जायचं ठरलं. बैठक उठता उठता कॉलेजात शिकणारी एक मुलगी, जी एरवी फारशी बोलत नसे, म्हणाली, “काळंच का फासायचं?”

कुणाला प्रश्न कळला नाही.

ती म्हणाली, “म्हणजे आपणसुद्धा काळं करणं ही शिक्षाच समजतोय ना?”

ती स्वतः सावळी होती. खोलीत कुणी बोललं नाही. आपल्या भाषेत तोंड काळं होतं ते बदनामीने, आणि माथा उजळ राहतो तो अब्रूने. हे शब्द मी आयुष्यभर वापरले होते, निवेदनांतही वापरले होते. पुढाऱ्याला काळं फासणं ही आपल्या राजकारणातली नेहमीची गोष्ट आहे, आणि ते फासणाऱ्याला आपण काय बोलतोय याचा कधी विचार करावा लागत नाही. ताईंनी तिला जवळ बसवून घेतलं. त्या रात्री कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही बोर्डाखाली फुटपाथवर उभ्या राहिलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दोन्ही चेहऱ्यांवरची टिकली दाखवली. ‘टिकली बघा, बट बघा, फोटो एकच आहे.’ लोक थांबून बघायचे. एक रिक्षावाले काका दिवसभर आपल्या गिऱ्हाइकांना तेच दाखवत होते. आजही मला वाटतं, आम्ही केलेल्या आंदोलनांत ते सगळ्यांत चांगलं होतं.

यानंतरच्या चुकीची जबाबदारी माझी आहे, म्हणून ती लिहिते.

फ्लेक्सवाल्या मुलाकडून मी त्या दोन चेहऱ्यांची छोटी प्रिंट घेतली आणि शाळा-कॉलेजांत, बचत गटांत दाखवायला लागले. उपयोग व्हायचा. टिकली डावीकडे आहे हे मुलींनी ओळखलं की वर्गात खळबळ उडायची. बैठकीत हमखास एखादी आजी म्हणायची, “आपला विठोबा नाही का सावळा?” आणि शेजारची म्हणायची, “विठोबा चालतो, सून चालत नाही.” माझं सत्र रंगायचं. असं आठ-नऊ महिने चाललं.

एके दिवशी केंद्रावर एक मुलगी आली. टिकली या वेळी बरोबर मध्ये होती, त्यामुळे मला ओळखायला क्षणभर लागला. पार्लरवाल्या बाईंची ती भाची. मावशीने तिचा फोटो कुठल्याशा लग्नात काढला होता, बोर्डासाठी वापरताना तिला विचारलं नव्हतं. बोर्ड लागल्यापासून कॉलेजात तिला मुलं विचारायची, “आज आधी की नंतर?” उन्हात चालून आली की ‘आधी’, ओढणी बांधून आली की ‘नंतर’. हे सांगताना तिचा आवाज स्थिर होता.

“बोर्ड फाटून गेला, मॅडम,” ती म्हणाली. “पण आता तुम्ही दाखवता. माझ्या मैत्रिणीच्या गावात दाखवलात.”

मी तिची माफी मागितली. ती प्रिंट तिच्याच हातात दिली. तिने ती चौकोनी घडी करून पर्समध्ये ठेवली, चहा घेतला नाही, आणि गेली. ज्या मुलीची बाजू घेऊन मी गावोगाव बोलत होते, त्या मुलीला तिच्या मावशीसारखं मीही विचारलं नव्हतं. पुढचे काही महिने मी एकही सत्र घेतलं नाही.

त्या काळात आम्ही वधू-वर सूचक मंडळांकडे वळलो. तिथल्या फॉर्मवर ‘वर्ण’ नावाचा रकाना असतो. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. ‘काळा’ हा पर्याय मी कुठल्याच फॉर्मवर पाहिला नाही; तो भरायला कुणी तयार होत नाही. दोन मंडळांच्या काकांशी बोलून बोलून त्यांच्याकडून तो रकाना काढून घेतला. सहा महिन्यांनी विचारलं तर त्यांतले एक काका म्हणाले, “ताई, रकाना काढला, पण आता फोनवर विचारतात. आणि फोनवर विचारतात ते फॉर्मपेक्षा वाईट असतं.” ते खरं बोलत होते. मुलीचे वडील फोनवर आवाज बारीक करून ‘उजळ आहे हो’ असं सांगताना मी स्वतः त्यांच्या कार्यालयात बसून ऐकलं आहे.

‘उजळ’ हा शब्द मला फार त्रास देतो, कारण तो चांगला शब्द आहे. दिवा उजळतो, देव्हाऱ्यातली समई उजळते, अक्षर उजळतं. २०२० च्या जून-जुलै महिन्यांत, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर जगभर वर्णभेदावर बोललं जाऊ लागलं, तेव्हा इथेही हालचाल झाली. लग्नं जुळवणाऱ्या शादी डॉट कॉमने रंगावरून स्थळं निवडण्याची सोय काढून टाकली. जॉन्सन अँड जॉन्सनने गोरेपणाची काही उत्पादनं बंद केली. फेअर अँड लव्हलीच्या नावातला ‘फेअर’ जाऊन तिथे ‘ग्लो’ आला. त्याआधी फेब्रुवारीत केंद्र सरकारने चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्यात दुरुस्तीचा मसुदा काढला होता. गोरेपणाचा दावा करणाऱ्या जाहिरातींना पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड त्यात सुचवला होता. टाळेबंदीत घरी बसून मी या बातम्या वाचल्या आणि ताईंना फोन केला. ताई तेव्हा फार थकल्या होत्या. त्या म्हणाल्या, “नाव बदललं हे चांगलंच. पण ग्लोचं मराठी काय करशील?”

मराठीत ‘ग्लो’ला उजळच म्हणतात. इंग्रजीत शब्द बदलला, मराठीत तो होता तिथेच राहिला. आजही जाहिरातीत ‘उजळ त्वचा’ ऐकलं की ऐकणारीला दोन्ही अर्थ एकदम ऐकू येतात, आणि तक्रार लिहिताना आम्हाला त्यांतला एकच सिद्ध करावा लागतो. २०२२ मध्ये आस्कीने स्त्री-पुरुषांच्या साचेबद्ध चित्रणाविषयी मार्गदर्शक तत्त्वं आणली, त्याच वर्षी ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी. हत्यारं वाढली आहेत, आणि मला ती सगळी हवी आहेत. भाजीवाल्या मावशी अजून घड्याळ घेऊन बसतात.

सत्रं पुन्हा सुरू करण्यापूर्वी मी फ्लेक्सच्या त्याच दुकानात गेले. मुलगा तोच होता, आता दुकान त्याचं स्वतःचं झालं होतं. मी त्याला माझा फोटो दिला. आधारकार्डासाठी काढतात तसा, सरळ समोरून. म्हटलं, “याचे दोन कर. जसे करतोस तसेच.” त्याला संकोच वाटला. “मॅडम, तुमचा कसा...” म्हणाला. मी खुर्ची ओढून शेजारी बसले. एकीकडे मी दुधाळ झाले, दुसरीकडे धुरकट. ओठांची टोकं ओढायची वेळ आली तेव्हा त्याचा हात थांबला, मग त्याने माझ्याकडे न बघता ती ओढली. पडद्यावरची ती बाई खरोखर दुःखी दिसत होती. माझ्या आईसारखी दिसत होती. आई माझ्याहून सावळी होती आणि लग्नातल्या एकाही फोटोत ती वर बघत नाही.

आता सत्रात मी माझ्या त्या दोन चेहऱ्यांचा बोर्ड फळ्याला टेकवून ठेवते. गेल्या वर्षी एका कन्याशाळेत आठवीच्या वर्गात गेले होते. मुली बराच वेळ बघत राहिल्या. चष्मा दोन्हीकडे एकाच बाजूला कललेला आहे, हे तिसऱ्या बाकावरच्या मुलीने ओळखलं. मग शेवटच्या बाकावरची एक उठली, चालत पुढे आली, बोर्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दोन चौकटींच्या मधल्या मोकळ्या पट्टीवर बोट ठेवलं.

“मॅडम, तुम्ही इथे उभ्या राहा,” ती म्हणाली.

मी बोर्ड उचलला, मागे धरला, आणि दोन चेहऱ्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.